चारची भूक

सोमवारी दुपारी चार वाजता मालिनीबाईंना गरम पिठलं-भात खावासा वाटला. उपास होता, म्हणून त्यांनी मनगटावरच्या, तब्येत तपासून बोलणाऱ्या पट्टीला कारण विचारलं.

"साखर ठीक आहे, पाणीही ठीक आहे," पट्टी म्हणाली. "ही भूक पोटाची नाही. पहिली पाळी संपवून यजमान याच वेळी घरी यायचे आणि तुम्ही काही खाल्लंत का, ते विचारायचे. आता कुणी विचारत नाही."

"कळलं, बाई," मालिनीबाई दमून म्हणाल्या.

पट्टीचं निदान नेहमीप्रमाणे बंगळूरला मुलाकडे, निरंजनकडे गेलं. तो कामात बुडालेला होता, तरी त्याने लगेच उपाय केला.

पुढच्या सोमवारी बरोबर चारला पट्टीतून त्याचाच आवाज आला, अगदी मायेने. "आई, जेवलीस का?"

मालिनीबाईंच्या हातात साबुदाण्याच्या खिचडीची बशी होती. लहानपणी दर सोमवारी कढईच्या तळाची खरपूस खिचडी निरंजनच खरवडून खायचा. आईचा सोमवार असतो, हे तेव्हा त्याला ठाऊक होतं.

"आई, जेवलीस का?" उत्तर मिळेपर्यंत पट्टी विचारत राहिली.

"जेवले रे," त्या म्हणाल्या आणि खिचडीवर ताटली झाकून ठेवली.