भारा जिचा तिचा

लाओसच्या डोंगरवाटेवर तिसऱ्या सकाळी आईनं पाठीवरची सॅक उचलली आणि तशीच खाली ठेवली. "हलकी कशी झाली गं ही?"

"पाण्याच्या बाटल्या नि तुझे कपडे मी घेतले," वृषाली म्हणाली. "ऑपरेशनला अजून वर्षही झालं नाही, आई."

आईनं सॅक पाठीला लावली. केळीच्या बनातून तासभर चालल्यावर ती एका दगडावर बसली. "उद्या मला विमानतळाच्या बसमध्ये बसवून दे. मी घरी जाते. तू फिर पुढं."

"दमलीस?"

"चालून नाही दमले. सगळे मला जपतायत ना, त्यानं दमले."

शेजारच्या दगडापाशी एक म्हातारी सरपणाची टोपली उतरवून विसावली होती. निघताना तिनं तरुण वृषालीकडे पाहिलंच नाही. आईला खूण केली. आई उठली. वृषाली पुढे झाली आणि थांबली. आईनं दोन्ही हातांनी टोपली उचलून म्हातारीच्या पाठीवर चढवली. म्हातारी हसली, वाटेला लागली.

"माझ्या माहेरीही असंच," आई म्हणाली. "दुसरीचं ओझं कुणी काढून घेत नाही. उचलू लागतात फक्त. भारा जिचा तिचा, हात शेजारणीचा."

वृषालीनं आपली सॅक उघडली. बाटल्या, कपडे, सगळं आईच्या सॅकमध्ये परत भरलं.

आईनं पट्टे खांद्यांत अडकवले. "अजून किती डोंगर?"

"दोन."

"लाव हात मग."

वृषालीनं खालून हात लावला. क्षणभर सगळं वजन तिच्या तळव्यांवर राहिलं, मग आईबरोबर उठून गेलं.