मागणी पूर्ण करा

२०१६ चा तो दुष्काळी उन्हाळा. चितेगाव रस्त्यावरच्या नव्या वस्तीत अकरा दिवस टँकर फिरकला नाही. शहरातल्या कार्यालयात मात्र कॉम्प्युटरवर त्या वस्तीपुढे रोज हिरवी खूण उमटत होती : पाणी पोहोचले. बाराव्या दिवशी कडूबाईंची सून रूपा खदानीत साचलेलं पाणी आणायला उतरली, ती वर आलीच नाही.

टँकर मागवायच्या ॲपमधल्या बटणांवरचे शब्द हिमानीनं लिहिले होते. ते वापरणाऱ्या माणसाच्या दारात, कडूबाईंच्या दारात, ती रूपा गेल्यावर पहिल्यांदाच जाऊन बसली.

"मावशी, तुम्ही फोनवर रोज नेमकं काय करत होतात?"

"हे बघ पोरी. आधी टँकर मागायचा. मंग हे दाबायचं, 'मागणी पूर्ण करा'. इतकी इनवणी केली, तरी तुमच्या साहेबलोकाला दया नाय आली व्हय?"

हिमानीनं बटणावरचे स्वतःचेच शब्द पुन्हा वाचले. ते बटण पाणी मिळाल्यावर दाबायचं होतं. दाबलं की कार्यालयात हिरवी खूण उमटून मागणी मिटायची आणि टँकर दुसरीकडे वळायचा.

पुढे रूपाचा नवरा अभय पुण्याला निघून गेला. हिमानीनं नोकरी सोडली. आता ती गावोगाव हिंडते आणि बटणावर एक शब्द लिहिण्याआधी दहा बायकांना त्याचा अर्थ विचारते. कडूबाईंना खरं काय ते सांगायचं धाडस मात्र तिला कधीच झालं नाही.



कडूबाई मरेपर्यंत म्हणत राहिल्या, "दिसातून एकदाच दाबलं मी. दोनदा दाबलं असतं, तर पोर वाचली असती."