मंगळसूत्रातला मणी

निर्मलाने सारिकाच्या मंगळसूत्राला फोन टेकवला. त्यातला एक काळा मणी हिरवा चमकला, म्हणजे छातीत गाठ नाही. गावातल्या चारशे बायकांच्या मंगळसूत्रांत सरकारी आरोग्य सेविका, म्हणजे आशाताई म्हणून तिनेच हे मणी ओवले होते. "बाई दवाखान्यात येणार नाही, पण मंगळसूत्र काढणारही नाही," असं शहरातले संशोधक प्रशिक्षणात म्हणाले होते. पाच वर्षांच्या अहवालात गावातल्या एकाही बाईचा कॅन्सर उशिरा सापडलेला नव्हता.

"माझं पण बघ की," चुलीपाशी बसलेली सारिकाची सासू हौसाबाई म्हणाली.

निर्मलाने पदराआडून चाचपलं. डाव्या बाजूला लिंबाएवढी टणक गाठ होती आणि वरची कातडी आत ओढली गेली होती.

"मावशी, तुमचा मणी कुठाय?"

"मालक गेले तवा दहाव्याला उतरवला. डब्यात हाय."

निर्मलाने फोनमध्ये नाव शोधलं. हौसाबाईपुढे तीन वर्षांपासून 'नोंद बंद' असं दिसत होतं. गावातल्या झाडून सगळ्या विधवांपुढे तेच. अहवालाच्या लेखी त्या बायकाच नव्हत्या.

"अहो, साध्या दोऱ्यात ओवून तरी घालायचा!" निर्मला ओरडलीच. "लोकांना कशाला भ्यायचं?"

हौसाबाईने पदर सावरला आणि तिच्या गळ्याकडे पाहिलं. निर्मलाचा नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती.

"तुझा कुठाय, पोरी?"