चिठ्ठीवरचा हुकूम

“डॉक्टरांनी लिहिलंय ना? मग द्या की, काकू!” तापाने फणफणलेल्या आठ महिन्यांच्या लेकीला खांद्यावर थोपटत बाप ओरडला.

मेडिकलच्या मालकीण कुमुदिनीबाईंनी बाटली मागेच ठेवली. “हा डोस मोठ्या माणसाचा आहे. डॉक्टरांना फोन केलाय.”

“ते डॉक्टर आहेत. तुम्ही दुकानदार!”

बाईंनी चिठ्ठीच्या कोपऱ्यातल्या ‘आरएक्स’वर बोट ठेवलं. “हे ‘रेसिपे’ या लॅटिन क्रियापदाचं चिन्ह. अर्थ, ‘घे’. पेशंटला वाटतं, त्यालाच सांगितलंय. मुळात हा शब्द वैद्य औषध बनवणाऱ्याला उद्देशून लिहायचा. अमुक घे, तमुक घे, खलात घोट. हुकूम मला आहे, दादा. चुकीचं औषध मी हातात घेणार नाही.”

“आणि पोरीला काही झालं तर?”

“म्हणूनच.” त्यांनी ओला रुमाल त्याच्या हातात दिला. “कपाळ पुसत राहा.”

समोरच्या दवाखान्यातून डॉक्टर स्वतःच धावत आले. चिठ्ठी पाहताच त्यांचा चेहरा उतरला. काउंटरवर उभ्याउभ्या त्यांनी नवी लिहिली आणि बापाला न देता बाईंपुढे सरकवली.

“आधी तुम्ही तपासा, मॅडम.”