गुरुवारचा पहारेकरी

पडद्यावर दगडाचा पहारेकरी दिसला आणि निशिगंधानं कपाळावर हात मारला. मेले! आता आण्णा विचारणार.

शेजारच्या खुर्चीत आण्णा, म्हणजे तिचे वडील हिंदुराव, मांडीवर पॉपकॉर्नचा डबा धरून टक लावून बघत होते. तीस वर्षांपूर्वीच्या ‘सात दरवाजे’ मालिकेची गोष्ट पुढं नेणारा कार्टूनचा सिनेमा आलाय म्हटल्यावर तीच हौसेनं त्यांना मोशीहून वाकडच्या मॉलमध्ये घेऊन आली होती. मालिका जिथं संपली तिथूनच सिनेमा सुरू होणार, एवढी साधी गोष्ट या शहाणीच्या डोक्यात आली नव्हती.

मालिका लागायची रविवारी आणि आण्णांच्या कंपनीला सुट्टी गुरुवारी. आण्णांनी एकही भाग बघितला नव्हता. गुरुवारी सकाळी ते चहाचा कप घेऊन बसायचे आणि आठ वर्षांची निशिगंधा चादर पांघरून अख्खा भाग त्यांना करून दाखवायची. राक्षस तीच, राणी तीच, घोडासुद्धा तीच. आण्णांचा जीव मात्र त्या म्हाताऱ्या पहारेकऱ्यावर. शेवटच्या भागात त्याचा दगड झाला, तेव्हा ती उशीत तोंड खुपसून रडली होती. गुरुवारी आण्णांना ते सांगायला तिची जीभच रेटेना. “तो घरी आला,” तिनं ठोकून दिलं. “त्याच्या लेकीनं दार उघडलं.”

आता आण्णा तिच्याकडं वळलेच.

“निशे, हा तर घरी आलेला ना गं?”

तिला रडूच फुटलं. “खोटं सांगितलं होतं मी, आण्णा. तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

“ठावं हाय मला.” हिंदुराव गालात हसले. “सोमवारीच कँटीनमध्ये कळलं होतं, सगळ्यांच्या घरी पोरं बघायची. गुरुवारी तुझ्याकडनं ऐकलं, आन् शुक्रवारी जाऊन सगळ्यांशी भांडलो. म्हटलं, आमच्यात तो घरी आलाय, तुमचं तुमी बघा!”

पुढच्या रांगेतून कुणीतरी “शूऽऽ” केलं. हिंदुरावांनी तिकडं लक्षच दिलं नाही. पॉपकॉर्नचा डबा त्यांनी तिच्या मांडीवर ठेवला, चष्मा काढून खिशात घातला आणि तिच्याकडं कान केला.

“बरं, लेकीनं दार उघडलं. मग पुढं काय झालं?”