मुरंब्याचं नाव 'हो'

चमत्कारिक नावाचा माल शोधायचा आणि ब्लॉगवर त्याची टर उडवायची, यात झोर्नित्साचा हातखंडा. बल्गेरियातल्या सोझोपोलच्या बाजारात तिला हिरव्या अंजिरांचा मुरंबा दिसला. नाव काय, तर 'हो'! 'लग्नाला तयार मुरंबा' असा मथळा तिनं फोनवर लिहूनसुद्धा टाकला.

"अहो आजी, असलं कसलं हे नाव?" तिनं हसत विचारलं.

नेदाआजी बरणी पुसत म्हणाली, "आमचे हे जर्मनीत लेकाकडे गेले आणि आजारी पडले. वाचा गेली. मी इथून मुरंबा पाठवायचे. लेक कामावर, म्हणून भरवायला तिथली नर्स. ती चमचा दाखवून विचारायची, 'खाणार?' हे मान हलवायचे. होकाराला आपण बल्गेरियन हलवतो ना, तशीच आडवी. ती बिचारी बरणीला झाकण लावायची. हे गेल्यावर सगळ्या बरण्या भरल्या भरल्या परत आल्या गं. म्हणून आता बरणीवरच लिहिते."

झोर्नित्सानं मथळा पुसला. "आजी, हे लिहू मी?"

आजीनं तिच्याकडे पाहत हळूच मान हलवली. आडवी.

झोर्नित्सा तिथंच लिहायला बसली.