मागचा बाक

चौतीस वर्षांच्या नोकरीत पंचफुलाबाईंच्या लॉगबुकात सहा मुख्याध्यापकांनी एकच शेरा लिहिला होता, ‘पाठ समाधानकारक. फळ्याचा वापर वाढवावा.’ तोही ऑफिसात चहा पिता पिता. त्यामुळे काल नवे मुख्याध्यापक नितेश सर वर्गात आले आणि मागच्या बाकावर गुडघे दुमडून अख्खा तास बसले, तेव्हा बाईंनी हजेरीच दोनदा घेतली. निवृत्तीला उरले दोन महिने, आणि आता कोणी तक्रार केली की काय?

आज लॉगबुक हातात आलं. बाईंनी चष्मा पुसून शेरा वाचला. ‘रश्मीला उत्तर सुचेना, तेव्हा बाई थांबल्या. दुसऱ्या कोणाला विचारलं नाही. शेवटी रश्मीनंच उत्तर दिलं.’ बाईंनी तो पुन्हा एकदा वाचला आणि तरातरा ऑफिस गाठलं.

“सर, तुमी तर शेरे त्या मोबाइलातल्या एआयकडून लिहून घेता म्हने. मंग काल वर्गात काहून येऊन बसले? भेवानं मले जेवन गेलं नाई!”

नितेश सर ओशाळले. हातातला कप त्यांनी हळूच फायलीमागं सरकवला.

“त्यालेच म्हटलं होतं बाई, पंचफुलाबाईचा शेरा लिहून दे. तर थे उलटं मलेच विचारते, ‘तुम्ही वर्गात काय पाहिलं?’

 

“आता त्याले काय सांगू, चहा पेत होतो म्हनून?”